दादूसची गाडी आणि माझं नाक

दादूसनी मला खोली दिली ती माझं नाक बघून.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. एक वळकटी, एक स्टोव्ह आणि आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन मी कराडहून थेट तिथं येऊन उतरलो होतो. वाशीच्या नव्या कोऱ्या इमारतींत बिनलग्नाच्या पोराला कोणी दारात उभं करेना. कारखान्यातल्या एकानं सांगितलं, "घणसोली गावात बघ, तिथले लोक खोल्या देतात." म्हणून एका रविवारी सकाळी मी गावात शिरलो.

एका घराच्या ओट्यावर पन्नाशीचे एक उंच, काळेसावळे गृहस्थ मांडी घालून बसले होते. अंगात बंडी, खाली खाकी हाफपँट आणि कानावर, सुतार पेन्सिल खोचतो तसा, एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. त्याला तेव्हा सगळे डिसमिस म्हणायचे. पुढ्यातल्या ताटलीत लोखंडी पट्टीच्या गोल क्लिपा मांडल्या होत्या. ते एकेक क्लिप उचलायचे, फडक्यानं पुसायचे आणि उन्हाकडे धरून बघायचे. सोनार नथ बघतो तसे.

"खोली मिळेल का?" मी विचारलं.

वर न बघता त्यांनी विचारलं, "बिरी ओरता?"

बिडी ओढता का, हे मला दोनदा ऐकल्यावर कळलं. "नाही," मी म्हणालो.

"सिग्रेट?"

"नाही."

"उदबत्ती?"

"देवापुढे. कधीकधी."

"ती बी नाय चालनार. देवाला फुला घाला. देव काय बोलत नाय."

मग ते उठून आत गेले आणि हात पाठीमागे धरून बाहेर आले. "डोले मिटा," म्हणाले. मी डोळे मिटले. त्यांनी नाकाशी एक फडकं धरलं. "सांगा."

"रॉकेल."

दुसरं फडकं आलं.

"पेट्रोल."

तिसरं आलं. मी दोनदा हुंगलं. कारखान्यात मी दिवसभर वासांतच असायचो, पण हा वास तिथला नव्हता. शेवटी भीतभीत म्हणालो, "सुकट?"

तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अवो, माजा जवला पुसायचा फरका कोनी नेला?"

मी डोळे उघडले. ते हातातल्या फडक्याकडे जरा वेळ बघत राहिले. तिसरं फडकं टर्पेंटाइनचं असणार होतं, हे मला नंतर कळलं. पण तसं कबूल करणाऱ्यांतले ते नव्हते.

"तिनी बराबर," ते म्हणाले. "खोली तुमची."

दादूस म्हणजे थोरला भाऊ. अख्खं गाव त्यांना दादूसच म्हणायचं, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले लोकसुद्धा. भातशेती आणि मिठागर यांत त्यांचं आयुष्य गेलं होतं. नव्या शहरासाठी जमीन गेली, मग बैल विकले, आणि गोठा रिकामा झाला. "दोन म्हयने मी त्या गोठ्याकरे बघत बसलो," त्यांनी मला एकदा सांगितलं, "काय जीव लागंना. बैलाच्या जागी बैलायवरा काय तरी पायजे ना?" म्हणून त्यांनी परळच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून एक जुनी विलायती गाडी घेतली आणि ती गोठ्यात बांधली. बांधली हे मी उगाच म्हणत नाही. पुढच्या बंपरला खरोखरच एक दावं होतं आणि ते बैलांच्या खुंट्याला अडकवलेलं असायचं. ब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता.

गाडी काळी, गोलमटोल, डोळे वटारून बसलेल्या बेडकासारखी. ती तीस वर्षांची होती आणि तिच्यातला प्रत्येक रबरी पाइप, दादूसच्या मते, तिला जाळायला टपलेला होता.

बाकी कशाचीही त्यांना भीती नव्हती. टायर गुळगुळीत झाले तरी चालत, हॉर्न वाजला नाही तर ते खिडकीतून ओरडत, एका दाराला तर आतून कडीच नव्हती. ते दार वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, प्रवासभर हातानं धरून ठेवायचं असं ठरलेलं होतं. पण टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणारा पाइप, त्याचे सांधे आणि त्या सांध्यांवरच्या क्लिपा हा त्यांचा धर्म होता. आणि या धर्मात एकच अडचण होती. चाळीस वर्षं तपकीर ओढून दादूसच्या नाकाला आता कशाचाच वास येत नव्हता. पेट्रोल गळलं तर ते आधी वासानं कळतं, डोळ्यांना मागाहून दिसतं. म्हणून त्यांना नाकवाला भाडेकरू हवा होता. माझ्या आधीच्या दोघांना त्यांनी याच परीक्षेत नापास केलं होतं.

दर रविवारी सकाळी आमचा कार्यक्रम असे. दादूस आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बॉनेट उघडायचे. इंजिन दहा मिनिटं चालवून बंद करायचे. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून प्रत्येक सांध्याभोवती एकेक पट्टी गुंडाळायचे आणि हात जोडून उभे राहायचे. पाच मिनिटांनी पट्ट्या काढून ओळीनं माझ्या हातात. मी एकेक नाकाला लावायचो.

"काय बोलतंय नाक?"

"गप्प आहे."

"पंपाकरचा?"

"गप्प."

"कार्बोरेटरकरचा? नीट घ्या. घाई नको."

"तोही गप्प."

मग ते बॉनेट हळूच लावायचे, देव्हाऱ्याचं दार लावावं तसं, आणि वहिनी आम्हाला चहा द्यायच्या. गावात माझं नाव नाकवाला पडलं होतं. एकदा मला पंधरा दिवस सर्दी झाली. त्या पंधरा दिवसांत गाडी जागची हलली नाही. दादूस सकाळ-संध्याकाळ येऊन विचारायचे, "उघरला काय?" वहिनींनी काढा केला, गवती चहाचा वाफारा दिला. माझ्या आईनंसुद्धा माझ्या नाकाची एवढी काळजी कधी घेतली नव्हती.

पाइप कसा बसवायचा, यावर ते कोणालाही, कुठंही, न विचारता सांगायचे. किराणा दुकानात रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं आहे. म्हणायचे, पाइप पेट्रोलचाच पाहिजे. झाडांना पाणी घालायचा पाइप पेट्रोलनं फुगतो, मऊ पडतो आणि मग निसटतो. लोखंडी नळीच्या तोंडाशी एक उंचवटा असतो. पाइप त्याच्यावरून पार पुढं सरकवायचा आणि क्लिप उंचवट्याच्या मागं लावायची. पुढं लावली तर ती पाइपाला घेऊनच बाहेर येते. पाइप गरम धुराड्याला टेकता कामा नये, पंख्याला घासता कामा नये. आणि तारेनं बांधणारा माणूस दिसला की त्याच्याशी सोयरीक करायची नाही, कारण तार रबराला सुरीसारखी कापते.

"अन् आवलायचा किती?" हा प्रश्न ते स्वतःच विचारायचे. "गल्याला फास नको, मिठी पायजे. सैल झाली तं गलती, लय आवलली तं कापती. बायकोच्या बाबतीत बी तसाच."

"मिठीचा काय नाव घेता," वहिनी आतून म्हणायच्या. "गारीच्या येकेका पाईपाला दोन-दोन क्लिपा, अन् माज्या पोलक्याला येक धर पिन नाय."

दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दलही त्यांना स्वतःच्या गाडीएवढीच माया होती, हे मात्र फार वाईट. गावात कोणतीही गाडी येऊन थांबली, की पाच मिनिटांत दादूस तिच्या पुढ्यात. जमीन मोजायला आलेल्या सरकारी माणसांची जीप त्यांनी बॉनेट उघडून तपासली. ज्या माणसांनी त्यांची जमीन मोजून नेली, त्यांच्या जीपला त्यांनी स्वतःच्या ताटलीतली क्लिप लावून दिली. लोक हसले तेव्हा म्हणाले, "जमीन गेली ती गेली. आता मानसा कसाला जालायची?"

एकदा आमच्या कारखान्याचे मॅनेजर काही कागद द्यायला माझ्या खोलीवर आले. मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत बाहेरून खणखण आवाज यायला लागला. बघतो तर साहेबांच्या गाडीचं बॉनेट उघडं आणि आत कमरेपर्यंत दादूस.

"हा कोण माणूस?" साहेब ओरडले.

"माझे घरमालक."

"त्याला माझ्या गाडीत काय हवंय?"

दादूसनी मान बाहेर काढली. "साहेब, तुमचा पाईप धुराऱ्यावर टेकलाय. भाजून काला परलाय. उद्या फुटंल. लांब घ्या, मंदी येक पट्टी मारून घ्या."

साहेब चहा न पिता गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनाम्याची भाषा मनात जुळवतच गेलो. साहेबांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मेकॅनिकला दाखवलं. म्हणाला, आठवडाभर टिकला नसता." मग जरा थांबून, "तुझ्या मालकांना आभार सांग. नको, सांगू नकोस. परत येतील."

या सगळ्यात गाडी चालायची किती, असं कोणी विचारेल. दादूस डॉक्टरांच्या ड्रायव्हरकडून गाडी शिकले होते आणि हाकायचेही बरी, पण निघण्याआधी सगळे सांधे तपासायचे, मधे दोन ठिकाणी थांबून इंजिन गरम असताना पुन्हा तपासायचे. वाशीला जायला म्हणून आम्ही चारदा निघालो आणि एकदा पोचलो. पोचलो तेव्हा दुकानं बंद होत होती.

हे सगळं वेड कुठून आलं, ते मला वहिनींच्या भावाच्या मुलीच्या लग्नात कळलं.

वहिनींचा धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. म्हणजे दादूसचा मेव्हणा. पण तो दादूसशी तीन वर्षं बोलत नव्हता. समोरून आला की रस्ता ओलांडायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला कारण सांगितलं.

गाडी परळहून पहिल्यांदा गावात आली त्या दिवशी मेव्हणाही बरोबर होता. ड्रायव्हर गाडी चालवत होता. खाडीचा पूल ओलांडून गावाच्या वाटेला लागल्यावर मिठागराशेजारी गाडी बंद पडली. बॉनेट उघडलं तर तारेनं बांधलेला पाइप निसटलेला आणि गरम इंजिनावर पेट्रोल सांडलेलं. ड्रायव्हर मदत शोधायला धावला. मेव्हणा काय झालं ते बघायला इंजिनावर वाकला. तोंडात न पेटवलेली बिडी होती. बघता बघता सवयीनं त्यानं काडी ओढायला काडेपेटी उघडली. दादूस बाजूला उभे होते. त्यांनी मेव्हण्याच्या पार्श्वभागावर अशी काही लाथ मारली, की तो गाडीवरून बाजूला उडून बांधावरून थेट मिठागराच्या चिखलात. नवी पांढरी पँट, नवा सदरा. आणि त्याच वेळी मिठागरावरून गावातल्या वीसेक बाया डोक्यावर पाट्या घेऊन येत होत्या. त्या हसत हसत गावात पोचल्या, मेव्हणा पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"दादूस बोल्ले, जीव वाचवला," वहिनी म्हणाल्या. "भाऊ बोल्ला, पाईपाचा निमित्त, त्याना मना मारायचाच व्हता. तवापासना बोलनं बंद. मधल्या मधी मी मरतंय."

लग्नाची पत्रिका वहिनींच्या हातात आली होती, दादूसच्या नाही. पण वहिनींनी हट्ट धरला की दादूसनी यायचं. नवऱ्याशिवाय भावाच्या दारात उभी राहणार नाही, म्हणाल्या. दादूस तयार झाले. धोतर, पांढरा सदरा, टोपी. निघताना वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आज कोनाची गारी उघरायची नाय. शपत घ्या."

"घेतली."

"तशी नाय. माज्या डोक्यावर हात ठेवून."

दादूसनी हात ठेवला.

"डिसमिस द्या."

त्यांनी कानावरचा डिसमिस काढून दिला.

"दुसरा?"

दुसरा धोतराच्या गाठीतून निघाला.

"अन् टोपीखालचा?"

दादूसनी टोपी काढली. तिसराही निघाला. वहिनींनी तिन्ही डिसमिस आपल्या पिशवीत टाकले आणि माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमच्या नाकाला बी सांगून ठेवा. कसला बी वास आयला तरी बोलायचा नाय. माज्या भावाची येकच पोर हाय." मी मान डोलवली.

लग्न दुपारचं होतं. अकराच्या सुमाराला पनवेलकडून वरात आली. पुढं बँड, मागं नवऱ्या मुलाची गाडी, तीही जुनीच, कोणाकडून तरी मागून आणलेली. अख्ख्या बॉनेटवर झेंडूच्या माळांचं जाळं, काचेवर अबोली आणि मोगरा. मांडवाच्या दारात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या बायका, दुतर्फा गर्दी. गाडी दारापाशी थांबली आणि नवऱ्या मुलाच्या काकानं तिच्या पुढच्या चाकांपासून रस्त्यावर फटाक्यांची लांबच लांब माळ पसरायला घेतली. हातात पेटती उदबत्ती.

मी गाडीपासून चार हातांवर होतो. मोगऱ्याचा वास येत होता, हळदीचा येत होता, मांडवामागून तळणीचा येत होता. आणि या सगळ्यांच्या मधून, सरळ माझ्या नाकात, पेट्रोल.

मी दोन पावलं मागं झालो. वास तसाच. मी वहिनींकडे बघितलं. त्या नवरीजवळ उभ्या होत्या, चेहरा आनंदानं फुललेला. मी शब्द दिला होता. मनाशी म्हणालो, जुन्या गाडीला थोडा वास यायचाच. उदबत्ती माळेच्या दुसऱ्या टोकाकडे चालली होती. तरी माझं तोंड उघडेना. हे मी आजही कोणाला अभिमानानं सांगत नाही.

पण दादूस गाडीकडे बघतच नव्हते. शपथेमुळे ते सकाळपासून सगळ्या गाड्यांकडे पाठ करून उभे होते. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर होती.

"भाऊ," ते म्हणाले, "नाक कसाला हालला?"

"नाही. कुठं?"

"दोनदा हालला. मी रविवारी बघतो ना तुमचा नाक. पेट्रोल?"

मी नजर बँडकडे वळवली. पण माझं नाक तिसऱ्यांदा हललं असणार.

दादूस वळले. गर्दीतून वाट काढत पुढं गेले आणि धोतर सावरून, शांतपणे, फटाक्यांच्या माळेवर मांडी घालून बसले.

बँड थांबला. धवले थांबले. काका उदबत्ती घेऊन धावत आला. "ओ, उठा! वरातीत काय नाटक लावलंय?"

"गारी लोटत मांग न्या. मंग उठतो."

"कशाला?"

"पेट्रोल गलतंय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

दादूसनी माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या नाकानी."

सगळी वरात माझ्या नाकाकडे बघायला लागली. गर्दीतून वहिनी पुढं आल्या, डोळ्यांत पाणी. "अवो, माज्या डोक्यावर हात ठेवला व्हता ना?"

"गारी उघरायची नाय अशी शपत हाय," दादूस म्हणाले. "फटाक्यांवर बसायचा नाय, अशी नाय."

तेवढ्यात मेव्हणा आला. मुलीचा बाप, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो दादूसशी बोलला. "ऊठ!"

"नाय उठत."

"येकदा माजी लाज काढली ती पुरली नाय? आता माज्या पोरीच्या मांडवात बी?"

दादूसचा चेहरा उतरला. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. एरवी लाख बोलणारा माणूस, पण आता फक्त एवढंच म्हणाला, "मी सांगून तुना पटनार नाय. तू सोता बघ. गारीच्या खाली बघ. टोपी लावून बघ."

कोणीतरी मेव्हण्याला म्हणालं, "मार त्याला." मेव्हणा गाडीजवळ गेला. झेंडूच्या माळा उचलून खाली वाकला. इंजिनाखाली रस्ता ओला होता. "पानी हाय," तो म्हणाला. तरी त्यानं डोक्यावरची टोपी काढली, ओल्यावर टेकवली आणि नाकाला लावली.

मग तो जागचा हलेना. गुडघ्यांवर, टोपी नाकाशी धरून. उठला तेव्हा पहिल्यांदा आत गाडीत बसलेल्या जावयाकडे बघितलं, मग काकाच्या हाताकडे.

"ती उदबत्ती विझव," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. काका काही बोलायला लागला तसा त्यानं ती हिसकून घेतली आणि करवलीच्या हातातल्या पाण्याच्या तांब्यात बुडवली. "नवऱ्याला खाली उतरवा. समदे मांग व्हा."

नवरा मुलगा बाशिंग सावरत उतरला. चार जणांनी गाडी ढकलत मागं मोकळ्यावर नेली. दादूस माळेवरून उठले, गाडीपर्यंत गेले आणि बॉनेटपाशी हात मागं बांधून उभे राहिले. शपथ होती ना.

वहिनी पदरानं डोळे पुसत आल्या. "उघरा," म्हणाल्या. "शपत माजी व्हती, मी सोरली." आणि पिशवीतून तिन्ही डिसमिस काढून दिले. मग पुन्हा पिशवीत हात घातला आणि दोन क्लिपा आणि हातभर नवा पाइप काढला.

दादूस बघतच राहिले. "ह्या कसाला आनला?"

"सव्वीस वर्सा संसार केला तुमच्यासंगती," वहिनी म्हणाल्या. "शपतीवर कोन भरवसा ठेवतो?"

आत झाडांना पाणी घालायचाच पाइप होता, फुगून जांभळासारखा झालेला आणि तारेनं आवळलेला. तारेखाली तो निम्मा कापला गेला होता. दादूसनी तो काढला, नवा बसवला, क्लिपा उंचवट्याच्या मागं सरकवून आवळल्या. आणि हे करताना, सांगायला वाईट वाटतं, त्यांनी अख्ख्या वरातीला व्याख्यान दिलं. गल्याला फास नको, मिठी पायजे. बँडवाले पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. नवरा मुलगा बाशिंगासकट वाकून बघत होता. एकदा दादूसनी त्याला विचारलंसुद्धा, "क्लिप कुटं लावायची?" आणि त्यानं बरोबर उत्तर दिलं. भटजी ओरडत आले, मुहूर्ताला दहा मिनिटं राहिली आहेत. मग इंजिन चालू करून बंद केलं, कागदाची पट्टी गुंडाळली आणि पट्टी माझ्याकडे आली. तीनशे माणसं श्वास रोखून उभी.

"काय बोलतंय नाक?"

"गप्प आहे," मी म्हणालो, आणि बँडवाल्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली.

लग्न वेळेवर लागलं. मेव्हणा दिवसभर पाहुण्यांत होता. दादूसशी एक शब्द बोलला नाही. जेवणाच्या पंगतीत त्यांना आग्रहसुद्धा केला नाही. दादूसनी जेवण अर्धवट टाकलं आणि आम्ही घरी आलो. "पोरीचा लगीन नीट झाला," एवढंच ते वहिनींना म्हणाले, दोनदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो, दादूस क्लिपा पुसत होते. मेव्हणा आला. हातात लग्नातल्या वड्यांची टोपली. ती त्यानं आमच्यामधे ठेवली आणि खांबाला टेकून बसला. टोपलीला कोणी हात लावला नाही. आत वहिनी भाकऱ्या थापत होत्या, तो आवाज तेवढा थांबला.

"तवा हाक मारायची व्हती," मेव्हणा शेवटी म्हणाला. "लाथ कसाला?"

"हाक मारली असती तं तू 'काय?' बोलून काडी ओरलीच असतीस. येल नव्हता."

मेव्हण्यानं विचार केला. "ता पटला," तो म्हणाला. मग आणखी जरा विचार करून, "पन यवऱ्या जोरान?"

दादूस क्लिप पुसत राहिले. एकच क्लिप, पुसून पुसून लख्ख झालेली. तपकिरीची डबी काढली, उघडली, परत मिटली.

"त्यात थोरा राग बी व्हता," ते म्हणाले.

"कसला राग?"

"आमच्या लग्नात तू माज्या चपला लपवल्या व्हत्यास. मी अनवानी घरी आयलो व्हतो."

मेव्हणा त्यांच्याकडे बघत राहिला. मग उठला. पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली.

"ऊठ," तो म्हणाला.

दादूस उठले, टोपी सारखी केली आणि त्याच्याकडे पाठ करून, ओट्याचा खांब धरून उभे राहिले. मेव्हण्यानं एक लाथ मारली. फार जोरात नाही, पण अगदी हलकीही नाही. दादूसच्या कानावरचा डिसमिस खाली पडला. तो मेव्हण्यानंच उचलून त्यांच्या हातात दिला.

आतून वहिनींचा आवाज आला, "झाला काय दोघांचा? मंग हात धुवा, भाकऱ्या थंड व्हतान."